डावा पाच, उजवा तीन

कल्याणजवळ मोहन्याला रेयॉनच्या कारखान्याची वसाहत संपते, तिच्या मागून एक कच्ची वाट टेकडीवर जाते. नव्वद सालानंतरच्या एका हिवाळ्यात, रविवारी सकाळी, त्या वाटेच्या उतारावर मी सायकलवरून पडले. वेग फार नव्हता. एका दगडावरून पुढचं चाक उडालं तेव्हा मी दोन्ही पेडलांवर उभी होते, आणि उजव्या बुटातला माझा पाय फिरला. बूट जागेवरच होता, पेडलच्या दातांनी त्याला धरून ठेवलेलं. फिरला तो आतला पाय, कारण बूट पाच नंबरचा होता आणि पाय तीन नंबरचा. मग बूटही सुटला, पेडल गरकन फिरून वर आलं आणि माझ्या नडगीत घुसलं.

माझ्या मागे माझी मैत्रीण होती. ती सायकल टाकून धावत आली. आम्ही दोघी ठाण्याच्या एका इंजिनिअरिंग कंपनीत ड्रॉइंग ट्रेस करायचो. तीन वर्षं शेजारच्या टेबलांवर बसत होतो. ती डोंबिवलीजवळच्या कोपर गावची, खाडीकाठच्या कोळ्यांच्या घरातली. लहानपणापासून खाडीच्या बांधावर सायकल हाणलेली, त्यामुळे ऑफिसच्या पाच-सहा जणांनी रविवारी डोंगराच्या वाटांनी सायकली न्यायचं ठरवलं तेव्हा ती न विचारताच त्यात होती. मला तिनेच ओढलं. आखातात निघालेल्या एका सहकाऱ्याची जाड टायरांची गिअरची सायकल मी घेतली होती, आणि तो माझा तिसराच रविवार होता.

रक्त कुठून येतंय ते बघायला तिने माझा बूट काढला. बुटाच्या टोकातून कापसाचा मोठा बोळा बाहेर पडला. तिने तो हातात घेतला, मग मोजा काढला आणि माझ्या पायाकडे बघितलं. तीन वर्षांत तिने तो कधी पाहिला नव्हता. ऑफिसात मी नेहमी बंद चपला घालायचे आणि पाय टेबलाखाली आत ओढून बसायचे.

मी डोळे मिटून घेतले. आता ती काहीतरी मऊ आवाजात बोलेल, असं मला वाटलं. ती म्हणाली, "एवढा मोठा बूट घालून डोंगरावर आलीस? मंग काय होनार गो?"

तिने ओढणी फाडली नाही की काही नाही. सरळ स्वतःचा रुमाल नडगीवर बांधला आणि मला वसाहतीपर्यंत चालवत आणलं. कल्याणच्या एका दवाखान्यात सात टाके पडले. दुखण्यापेक्षा माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती, की आता हे बाबांना सांगावं लागणार.

पायाची हकीकत थोडक्यात सांगते. जन्मतः माझा उजवा पाय आतल्या बाजूला वळलेला होता. वर्षाची व्हायच्या आत तो बरेच महिने प्लास्टरमध्ये होता, पुढे दोन ऑपरेशनं झाली, आणि त्या काळाच्या मानाने तो चांगला सरळ झाला. पण वाढला नाही. डावा वाढत गेला, उजवा मागे मागे राहिला. पोटरी बारीक राहिली आणि घोटा एका बाजूला वळेनासा झाला. लंगडत मी नव्हते. फार चालले की पाऊल थोडं ओढल्यासारखं व्हायचं, इतकंच. लांब परकर, मग लांब पंजाबी ड्रेस, यांत तो पाय झाकला जायचा.

झाकला जायचा नाही तो फक्त बुटांच्या दुकानात. दरवर्षी शाळा सुरू व्हायच्या आधी बाबा मला डोंबिवली स्टेशनजवळच्या एका दुकानात घेऊन जायचे. बाबा विमा कचेरीत होते, नीटनेटके, कमी बोलणारे, शर्टाच्या खिशात नेहमी दोन पेनं. दुकानात ते मला बाकावर बसवायचे आणि स्वतः माझ्या पुढ्यात असे उभे राहायचे, की काउंटरवरून माझे पाय दिसू नयेत. मग काळ्या बुटांचे दोन जोड मागायचे. एक माझ्या डाव्या पायाच्या मापाचा, एक उजव्याच्या. घरी आल्यावर मोठ्या जोडातला डावा आणि छोट्या जोडातला उजवा माझे व्हायचे. उरलेले दोन बूट आई वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवायची. कोणाला द्यावे म्हटलं तर ते घेणार कोण?

एका वर्षी, मी तिसरी-चौथीत असेन, दुकानदाराने जोड बांधता बांधता सहज विचारलं, "दोघी बहिणींना का? धाकटीला नाही आणलंत ते?"

बाबा म्हणाले, "ती आजोळी गेलीय."

त्यानंतर दरवर्षी तो माणूस धाकटीची चौकशी करायचा. कितवीत गेली, अभ्यासात कशी आहे. बाबा उत्तरं द्यायचे. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसासारखी, अगदी तुटक. धाकटी एकदा आजारी होती, एकदा तिची परीक्षा होती. मी बाकावर गप्प बसून ऐकायचे. घरी जाताना आम्ही त्याबद्दल एक अक्षर बोलायचो नाही. मला वाटायचं, माझ्या पायाची बाबांना लाज वाटते. मोठेपणी कळलं तसं ते नव्हतं. दुकानातल्या चार लोकांनी वाकून माझा पाय बघावा हे त्यांना सहन झालं नसतं. पण हे कळायला फार उशीर लागला, आणि तोवर मीही त्यांच्यासारखीच लपवायला शिकले होते.

खेळाचे बूट ही आणखी वेगळी अडचण. तेव्हा बायकांसाठी तसे बूट फारसे मिळायचे नाहीत. पाच नंबर पुरुषांच्या बुटात कसाबसा सापडायचा. तीन नंबर म्हणजे लहान मुलांचा; त्याचा सोल वेगळा, उंची वेगळी, आकारही वेगळा. दोन जोड घेऊनही एक पाय उंच आणि एक खाली असं व्हायचं. म्हणून सायकलीसाठी मी पाचचा एकच जोड घेतला आणि उजव्यात कापूस भरला. सपाट रस्त्यावर ते चाललं. दगडांच्या उतारावर चाललं नाही.

मैत्रीण मला घरापर्यंत सोडायला आली. आईने पट्टी बघून आधी देवाला हात जोडले आणि मग मला बोलायला सुरुवात केली. बाबांनी माझी सायकल जिन्यावरून उचलून वर आणली, गॅलरीत भिंतीला लावली आणि तिच्यावर जुनी चादर घातली. चालवू नकोस असं त्यांनी सांगितलं नाही. पण ती चादर मी आठ दिवस काढली नाही.

ऑफिसात शर्यतीची सायकल चालवणारे एक गृहस्थ होते. माझा पाय घसरल्याचं ऐकून त्यांनी सांगितलं, की पेडलला पट्टे लाव, म्हणजे पाय बांधलेला राहील. त्यांनी स्वतःकडचे जुने पट्टे आणि चवड्यापुढे बसणारे लोखंडी पिंजरे आणूनही दिले. मला ते पटलं. बाबांनाही पटलं, बहुधा माझ्याहून जास्त. त्यांनी स्वतः पान्याने ते बसवले.

टाके निघाल्यावर बिल्डिंगच्या आवारात मी पहिली फेरी मारली. पाय घट्ट बसला होता, काही हलत नव्हतं. दुसऱ्या फेरीला फाटकाशी दूधवाला आडवा आला. मी ब्रेक लावला. पट्ट्यातून पाय काढायचा म्हणजे टाच बाहेरच्या बाजूला फिरवून मागे ओढायची. माझा घोटा त्या बाजूला फिरतच नाही, हे मला चोवीस वर्षं माहीत होतं आणि त्या क्षणी आठवलं. सायकल उभ्या उभ्या उजवीकडे झुकली आणि मी तिच्यासकट हळूच आडवी झाले. लागलं काही नाही. पण पडल्यावरही पाय अडकलेलाच होता आणि मला तो काढता येईना. बाबा जिन्यात उभे राहून बघत होते. ते आले, खाली बसले आणि त्यांनी पट्टा सोडवला.

"हे नको," एवढंच ते म्हणाले. त्याच संध्याकाळी त्यांनी पट्टे काढून वर्तमानपत्रात बांधले आणि परत द्यायला माझ्या पिशवीत ठेवले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत मी मैत्रिणीला सांगितलं, की मी सायकल विकते आहे. ती सुक्या बोंबलाची चटणी आणि भाकरी खात होती. तिने विचारलं, चालवताना माझा उजवा पाय पेडलवर नक्की कसा असतो? मी म्हटलं, जरा आत वळलेला, आणि डाव्यापेक्षा थोडा पुढे. मग ती म्हणाली, की पट्ट्यात तसा ठेवता येणारच नाही. सपाट पेडलच तुझ्यासाठी बरं. त्यावर पाय कसाही ठेव, कुणी विचारत नाही. तुझ्या पेडलमध्ये काही खोट नाही, बुटात आहे.

हे इतकं साधं होतं, की मला स्वतःचाच राग आला. तोवर मी पायालाच दोष देत होते.

मग सुरू झाली बुटांची शोधाशोध. पुढचे दोन महिने आम्ही जे मिळतील ते बूट घालून तिच्या घराजवळच्या बांधावर चकरा मारल्या. मापासाठी कापूस होताच. आधी सोल कसा हवा ते ठरवायचं, असं तिचं म्हणणं होतं. तिचा भाऊ गडांवर जायचा, त्याचे हंटर बूट आणले. हिरव्या कॅनव्हासचे, घोट्यावर येणारे, खाली खोल खाचांचा जाड सोल. खाचांमध्ये पेडलचे दात असे अडकायचे, की पाय जिथे पडला तिथेच राहायचा, हवा तसा सरकवता यायचा नाही. आणि खाच आणि दात यांचं जमलं नाही की उलट सटकायचा. पळायचे जाड टाचेचे बूट मऊ होते, पण पेडलभोवती वाकायचे आणि अर्ध्या तासात तळव्यात कळ यायची. शाळेत पीटीला घालतात ते पांढरे कॅनव्हासचे बूट सपाट होते, पेडलवर छान बसायचे, फक्त त्यांच्या पातळ सोलातून प्रत्येक दात टोचायचा. नंतर उंच टाचेची सँडल घालून बघायचाही मूर्खपणा मी केला, तो सांगण्यासारखा नाही.

मैत्रीण स्वतः बरेचदा अनवाणीच चालवायची. चिखलात लहानाचे मोठे झालेले तिचे पाय, पेडलवर पंजाने पकड घ्यायचे. मी म्हटलं, मला नाही जमणार. ती म्हणाली, जमवायचं नाहीच आहे, पण पायाला पेडल कळलं पाहिजे. कळलं पाहिजे आणि टोचलं नाही पाहिजे. त्या वाक्यावर आमचा शोध थांबला. सपाट सोल, टाचेला उंचवटा नाही, रबर मऊ आणि चिकट, पण आत काहीतरी कडक, आणि घोटा झाकेल इतकी उंची. असा बूट दुकानात नव्हता. असलाच तर माझ्या उजव्या पायाचा नव्हता.

एका सोमवारी ती सांगत आली, की विठ्ठलवाडी स्टेशनच्या मागे बुटांचा एक कारखाना आहे. तिच्या वहिनीची बहीण तिथे शिलाईला जाते. तिथला मालक, एक सिंधी म्हातारा, म्हणाला होता, या, बघू.

मी घरी सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, मीही येतो. मला ते नको होतं. बुटांच्या जागी बाबांबरोबर जाणं मी कॉलेजपासून टाळत आले होते. पण त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, दोन पेनंही लावली होती, आणि नको म्हणायला माझी जीभ रेटेना.

कल्याणहून आम्ही तिघं रिक्षाने गेलो. मैत्रिणीच्या मांडीवर कापडी पिशवी होती आणि तिच्यात काहीतरी जड होतं. काय आहे ते ती सांगेना. कारखाना म्हणजे पत्र्याखालची एक लांब खोली. एका बाजूला शिलाईची मशिनं, मध्ये कातडं आणि कॅनव्हास कापायचं टेबल, आणि भिंतीला फळ्यांवर लाकडी पाऊलं. शेकडो. बूट ज्यावर चढवून घडवतात ते साचे. तिथे त्यांना फर्मे म्हणत. चिकटवायच्या द्रावणाचा वास डोक्यात जात होता. मालक सत्तरीचे असतील. पांढरा लेंगा-सदरा, गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा. त्यांनी आम्हाला स्टुलं दिली आणि काय हवंय ते विचारलं.

बाबा उठून माझ्या पुढ्यात उभे राहिले. मला वाटतं ते त्यांच्याही लक्षात आलं नसेल. त्यांनी सुरुवात केली, "दोन जोड हवेत. एक पाच नंबर, एक तीन. दोन मुली आहेत माझ्या, त्यातली धाकटी..."

मी त्यांच्या पाठीमागे बसले होते. त्यांच्या मानेवरचे पांढरे झालेले केस दिसत होते. मी म्हटलं, "बाबा, मी एकटीच आहे."

ते थांबले. मशिनं चालूच होती. मी बसल्या जागी दोन्ही चपला काढल्या, मोजे काढले आणि पाय पुढे केले. बाबा बाजूला झाले. काय चेहरा होता त्यांचा ते मी बघितलं नाही, कारण मालक चष्मा लावून खाली वाकले होते आणि माझं लक्ष त्यांच्याकडे होतं. त्यांनी उजवा पाय हातात घेतला. फळं विकत घेताना घेतात तसा, उलटसुलट करून. चवडा दाबला, घोटा फिरवून बघितला, डाव्याशी टेकवून लांबी पाहिली. मग कागदावर दोन्ही पावलांभोवती पेन्सिल फिरवली.

"डावा पाच, उजवा तीन," ते म्हणाले. "उजवा थोडा रुंद. बस? याच्यात काय?"

बाबांनी विचारलं, की दोन जोडांतून एक कसा निघेल, सोल वेगळे पडतील ना.

म्हाताऱ्याला प्रश्न कळेना. मग कळला तेव्हा त्यांनी बाबांना दंडाला धरून टेबलाकडे नेलं. एका ढिगात नुसते डावे बूट होते, दुसऱ्यात नुसते उजवे. "साहेब, इथे जोडी कुठे आहे? डावा वेगळा कापतो, उजवा वेगळा कापतो. हा माणूस दिवसभर डावेच शिवतो. जोडी शेवटी होते, डब्यात टाकताना. मी पाचचा डावा घेतो, तीनचा उजवा घेतो, एकच सोल लावतो. झाली जोडी."

बाबा त्या ढिगांकडे बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "इतकी वर्षं मी दोन दोन जोड घेत होतो."

"कोणी सांगितलं नाही तुम्हाला?"

"मी कोणाला विचारलंच नाही," बाबा म्हणाले.

आणि ते हसायला लागले. बाबा असे हसलेले मी क्वचित पाहिलेत. आवाज नव्हता, फक्त खांदे हलत होते, आणि ते थांबेनात. त्यांनी चष्मा काढून रुमालाने डोळे पुसले. मलाही हसू आलं, आणि त्याबरोबर छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं. इतकी वर्षं मला वाटत होतं, की माझ्यासाठी जगात काहीतरी वेगळं, अवघड, मागायला लाजिरवाणं करावं लागतं. तर तसं काही नव्हतंच. प्रत्येकाचाच डावा वेगळा शिवला जात होता आणि उजवा वेगळा.

तोवर मैत्रिणीने पिशवी उघडली होती. आत तिच्या सायकलीचं एक पेडल होतं, काढून आणलेलं, ग्रीससकट. तिने ते टेबलावर ठेवलं आणि मालकांना रबराचे तुकडे मागितले. मालकांना गंमत वाटली. बूट शिवायला माणसं पाय घेऊन येतात, पेडल घेऊन कोणी आलं नव्हतं. त्यांनी एकेक तुकडा काढून दिला. ती तुकडा पेडलवर दाबायची, वरून तळहाताने रेटायची, मग आडवा ओढून बघायची. काळं कडक रबर दातांवरून सरकलं. एक पिवळट क्रेपचं रबर इतकं मऊ होतं, की दात पार आत शिरले. ती म्हणाली, हे महिन्यात फाटेल. तिसरा तुकडा तपकिरी होता. त्यात दात बसले, तो ओढून हलेना, आणि उचलल्यावर खुणा हळूहळू बुजल्या.

"हा," ती म्हणाली. मग मला म्हणाली, "तू दाबून बग."

मी दाबला. मग बाबांनीही दाबला, अगदी गंभीरपणे, आणि मान हलवली. सोल आणि पायाच्या मध्ये चामड्याचा एक कडक थर घालायचं मालकांनी स्वतःच सुचवलं, म्हणजे दात टोचणार नाहीत आणि बूट वाकणारही नाही. वर जाड करडं कॅनव्हास, घोट्यापर्यंत. नाडीची टोकं साखळीत जाऊ नयेत म्हणून ती खोचायला पुढे एक छोटी पट्टी. ही पट्टी बाबांची कल्पना. ते कागदावर तिचं चित्र काढत होते तेव्हा मी मैत्रिणीकडे बघितलं. ती हाताला लागलेलं ग्रीस कसं काढावं या विचारात होती.

बूट दहा दिवसांनी मिळाले. आणायला बाबा एकटेच गेले, ऑफिस सुटल्यावर, आणि खोका घेऊन घरी आले. मी ते स्वयंपाकघराच्या दारात बसून घातले. उजव्यात कापूस नव्हता. पाय पुढे सरकत नव्हता, मागे सरकत नव्हता. उभी राहिले तर दोन्ही बाजू सारख्या उंचीच्या. मी बाहेरच्या खोलीपर्यंत चालत गेले आणि परत आले. आई पोळ्या लाटत होती. तिने लाटणं थांबवलं आणि म्हणाली, "सारखा आवाज येतोय." मला आधी कळलं नाही. मग कळलं, की इतकी वर्षं घरात माझं चालणं तिला दोन वेगवेगळ्या आवाजांत ऐकू येत होतं, आणि तिने ते कधी बोलून दाखवलं नव्हतं.

पुढच्याच रविवारी आम्ही मलंगगडाच्या बाजूला गेलो. नेवाळीच्या पुढे रस्ता सोडला आणि शेतांतून पायथ्याच्या रानाकडे वळलो. चढ लांब होता. मी सगळ्यात मागे होते, पण ते दमामुळे, पायामुळे नाही. वर एका झाडाखाली पाणी प्यायलो. उतरायची वेळ आली तेव्हा मोहन्याच्या त्या दगडाचा धक्का अंगात अजून होता. मैत्रीण म्हणाली, मी पुढे जाते, माझ्या चाकामागून ये, आणि टाचा खाली दाबून ठेव.

मी पेडलांवर उभी राहिले. उजवा पाय मला हवा तसा, जरा आत वळवून, जरा पुढे. टाचा खाली दाबल्या. पहिल्या दगडांवर सायकल खडखडली आणि मी वाट बघत राहिले, पाय आता सुटेल, आता फिरेल. सुटला नाही. पेडलचे दात रबरात बसल्याचं तळव्याला कळत होतं, टोचत नव्हतं. मध्ये एकदा ओढ्याच्या कोरड्या पात्रात चाक खोल गेलं, सायकल उडाली आणि पुन्हा खाली आली, आणि माझे दोन्ही पाय जिथल्या तिथे. त्यानंतर मी पायाचा विचार करायचं विसरले. पुढचं वळण, समोरची बैलगाडी, अंगाला लागणारा वारा, एवढंच लक्षात आहे. खाली सपाटीला आल्यावर मैत्रिणीने मागे वळून विचारलं, कसा वाटला बूट? मला क्षणभर समजेना कुठला बूट.

दुपारी आम्ही तिच्या घरी, कोपरला गेलो. बांधाजवळच्या नळावर मी बूट-मोजे काढून पाय धुतले. तिची आई, शेजारच्या बायका, सगळ्या तिथेच होत्या. एकीने माझ्या पायाकडे बघितलं, तेव्हा तो जन्मापासून असाच आहे, असं मीच सांगून टाकलं. बरं, म्हणाली ती, आणि बादली पुढे सरकवली.

जेवायच्या आधी कोपऱ्यावरच्या टेलिफोनच्या टपरीतून मी घरी निरोप द्यायला शेजाऱ्यांकडे फोन लावला. पडल्यापासून बाबा दर रविवारी मी येईपर्यंत गॅलरीत उभे असायचे, हे मला आईने सांगितलं होतं. शेजारच्या काकूंनी फोन घेतला. मी म्हटलं, बाबांना सांगा, मी नीट उतरलेय, कोपरला जेवून येते.

"अगं, ते नाहीत घरी," काकू म्हणाल्या. "केस कापायला गेलेत. तुझ्या आईला म्हणाले, गर्दी असली तर बसेन पेपर वाचत, घाई नाही."

मी फोन ठेवला. टपरीवाल्याला पैसे दिले आणि उन्हातून अनवाणीच परत निघाले. मैत्रिणीच्या आईने ताटं मांडली होती. भात, कोळंबीचं कालवण, तांदळाची भाकरी. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि चौथी मागून घेतली.